मूळ वही, जशी आहे तशी

मगदूम मास्तरांनी तो फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हाच यात त्यांचा फायदा किती, हे मी मनात मांडून टाकलं. मास्तर आमच्याच संस्थेच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. अक्षर असं, की जयसिंगपुरात कुणाचा सत्कार निघाला की हॉलच्या आधी मास्तरांना गाठायचे. चेअरमन झाले, सभापती झाले, निवृत्त फौजदार झाले. सगळ्यांची मानपत्रं त्यांच्याच हातची. बावीस वर्षं दुसऱ्यांची नावं सोनेरी शाईत रंगवून त्यांच्या बोटांना आता घरच्या नावाची भूक लागली होती. पोरीला त्या फॉर्मवर प्रवेश मिळाला असता तर ती भूक भागली असती. शिवाय स्टाफरूममधले गणितवाले चित्रकलेच्या तासाला 'मोकळा तास' म्हणायचे, तेही बंद झालं असतं. एवढा फायदा डोळ्यांसमोर नाचत असला की माणूस फॉर्मवरच्या सूचना वाचत नाही.

"आवटीबाई, जरा बघा," ते म्हणाले. "तुम्ही बी.एस्सी. आहात."

मी ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स प्रयोगशाळेत सहायक होते. मी बी.एस्सी. असल्याची आठवण लोकांना फॉर्म भरायच्या वेळीच यायची.

फॉर्म बंगळूरकडच्या एका विज्ञान संस्थेचा होता. चार वर्षांचा अभ्यासक्रम, नुसतं विज्ञान, आणि देशभरातून मुलं फक्त साठ. त्यातली चाळीस मे महिन्यात परीक्षा घेऊन. उरलेली वीस मात्र बारावीच्या सुरुवातीलाच, परीक्षा न घेता, नुसत्या अर्जावर. अर्ज तीस सप्टेंबरच्या आत पोहोचायला हवा, आणि या लवकरच्या फेरीत निवड झाली तर दुसरीकडे कुठंही प्रवेश घेणार नाही असं लिहून द्यायचं. म्हणजे बारावीच्या घरात मे-जूनपर्यंत जे सुतक पाळतात, ते मास्तरांच्या घरातलं ऑक्टोबरातच फिटणार होतं.

"पाचवी अट वाचलीत?"

"वाचली की."

पाचवी अट जाड ठशात होती. उमेदवारानं स्वतः केलेल्या एका प्रयोगाची मूळ वही, जशी आहे तशी, पाठवावी. खाडाखोड असली तरी चालेल. नव्यानं लिहून काढलेली वही पाठवू नये.

"मग झालं तर," मी म्हणाले. "त्रिशलाची लंबकाची वही आहे की. घाला पाकिटात."

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या लेकीला न्हाणीघरातून उठवून थेट पाहुण्यांपुढं बसवायला सांगत होते.

"अहो बाई, ती वही बघितलीय का तुम्ही? चहाचे डाग आहेत. एका ठिकाणी आख्ख्या पानावर काट मारलीय. मुलगी दाखवायची म्हटलं तर निदान केस विंचरून दाखवतात की नाही?"

"त्यांनीच लिहिलंय ना, जशी आहे तशी."

"तसं लिहावंच लागतं ओ." मास्तर मला समजावून सांगू लागले. "लग्नपत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात. म्हणून तुम्ही हात हलवत जाता का?"

मी जात नव्हते. 

ती वही कशी जन्माला आली हे मला चांगलं ठाऊक होतं. अकरावीला लंबकाचा प्रयोग असतो. दोरीला लोखंडी गोळा बांधायचा, झोके मोजायचे, स्टॉपवॉच लावून वेळ काढायची आणि सूत्रात घालून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. तो नऊशे ऐंशीच्या आसपास येतो. म्हणजे आमच्याकडं यायचाच. पोरं आधी शेवटच्या ओळीत उत्तर लिहायची, मग खालून वर चढत झोक्यांच्या वेळा भरायची. मार्गदर्शन म्हणून एक जुनं जर्नल मीच टेबलावर उघडं ठेवायचे. आमचे विभागप्रमुख शिरगुप्पे सर न बघता सही करायचे. वर्षानुवर्षं सुरळीत चाललेलं.

त्रिशलाचं उत्तर नऊशे बेचाळीस आलं.

"परत कर," मी म्हणाले.

तिनं परत केला. नऊशे चव्वेचाळीस. दोरी बदलून केला. नऊशे एक्केचाळीस.

"अगं बाई, नऊशे ऐंशी आण आणि घरी जा. साडेचार वाजले."

"कुठून आणू मॅडम? येतच नाही."

"बाकीच्यांचं येतंय ते?"

"बाकीच्यांचं कागदावर येतंय."

सतरा वर्षांची पोरगी, काडीसारखी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि अक्षर असं की शाईत पाय बुडवून कोंबडी धावली असावी. मास्तरांच्या पोटी हे अक्षर कसं जन्मलं, याचं गावाला कोडं होतं. त्यानंतर महिनाभर ती सकाळी साडेसहाला दारात हजर. मी कुलूप काढायचं, तिनं आत जायचं. हातात घरचा ट्रान्झिस्टर. मला वाटलं, गाणी ऐकत अभ्यास करते. काय करतेस म्हणून मी विचारलं नाही. पोरांना विचारलं की पोरं सांगत बसतात.

तर मास्तरांनी वही नव्यानं लिहायला घेतली. नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत एकही मधली सुट्टी मला माझी मिळाली नाही. रोज मैदान ओलांडून यायचे.

"बाई, शीर्षक लाल शाईनं की हिरव्या?"

"तुमच्या मर्जीनं."

"समासात बारीक वेलबुट्टी काढली तर?"

"मास्तर, ती विज्ञानाची संस्था आहे."

"म्हणूनच विचारतोय. नाहीतर काढलीच असती."

लंबकाची आकृती त्यांनी अशी काढली, की गोळ्यावर डाव्या खिडकीचा उजेड पडला होता आणि टेबलावर त्याची सावली. मी चोवीस वर्षं लंबक बघत होते. एवढा देखणा एकदाही बघितला नव्हता. एक दिवस मात्र ते कच्ची वही घेऊनच आले आणि खुर्ची ओढून बसले.

"इथं अडलंय. हिचं उत्तर नऊशे बेचाळीस. पुस्तकात नऊशे ऐंशी. आता बंगळूरला चूक पाठवायची का?"

"तिला विचारा."

"तिला विचारलं तर म्हणते, जसं आहे तसं लिहा नाहीतर लिहूच नका. बोलतच नाही माझ्याशी. तुम्ही आकडे नीट करून द्या, मला त्यातलं काय कळतंय? वही राहू दे तुमच्याकडं."

मला त्यांची कटकट संपवायची होती. अर्ध्या तासात मी एका फुलस्केपवर आकडे करून दिले, खालून वर. हात बसलेला होता. नऊशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक सहा आणलं. अगदी नेमकं नऊशे ऐंशी आणलं की संशय येतो. मास्तर फुलस्केप घेऊन गेले. कच्ची वही टेबलावर राहिली. त्या दुपारी मी ती पहिल्यांदा पूर्ण वाचली आणि कपाटात ठेवली.

दरम्यान शिफारसपत्राचं एक लचांड होतंच. ते शिरगुप्पे सरांनी लिहायचं होतं. सरांकडं शिफारसपत्राचा एकच मजकूर होता. 'आज्ञाधारक, नियमित आणि सुशील' अशी त्याची सुरुवात व्हायची आणि तो डी.एड.पासून पोलीस भरतीपर्यंत सगळीकडं चालायचा. इथं मात्र छापील प्रश्न होते.

"सर, तिसरा प्रश्न आहे, या विद्यार्थिनीचा तुमच्याशी कधी मतभेद झाला का? झाला असल्यास कशावरून?"

"लिहा, कधीच नाही."

"सर, त्यांना झालेला हवाय बहुतेक."

"मतभेद हवाय?" सरांनी चष्मा काढला. "मग आमच्या घरच्यांकडून लिहून घ्या. दोन पुरवण्या लागतील."

शेवटी मीच लिहिलं. एका उत्तराबद्दल तिनं शिक्षकांचं म्हणणं मान्य केलं नाही आणि महिनाभर स्वतः पडताळून पाहिलं, असं. सरांनी सही केली. कुठल्या उत्तराबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्रिशला आली. प्रॅक्टिकल संपलं होतं, बाकीची पोरं गेली होती.

"मॅडम, अण्णांनी माझी वही परत लिहिली."

"बघितली. फ्रेम करून लावावी अशी आहे."

"त्यातले आकडे माझे नाहीत."

"तुझे चुकले होते."

"चुकले नव्हते." ती पुढं आली. "तसे का आले ते मी शेवटी लिहिलंय. तुम्ही वाचलं नाही?"

"मला कुठं वेळ आहे गं."

तिनं चष्मा वर ढकलला. मग म्हणाली, "तुम्ही अण्णांना सांगा ना. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

"बापानं नऊ दिवस मान मोडून लिहिलंय. लोकांच्या पोरींना असे बाप मिळत नाहीत आणि तू तक्रार घेऊन फिरतीस?"

"मग माझी कच्ची वही तरी द्या. मी गुपचूप तीच घालते पाकिटात. अण्णा म्हणाले तुमच्याकडं दिली होती."

"माझ्याकडं कुठाय? नेली की त्यांनी परत. नीट बघायला सांग घरात."

वही माझ्या पाठीमागच्या कपाटात होती. वरून दुसरा कप्पा, भिंगांच्या खोक्याखाली.

मास्तरांचा फायदा मी पहिल्या झटक्यात मांडला आणि माझा मांडायला इथपर्यंत वेळ लावला, त्याला कारण आहे. त्या वहीच्या शेवटच्या पानांवर एक तक्ता होता. आमच्या प्रयोगशाळेतली दहा स्टॉपवॉच, एक ते दहा नंबर. त्रिशलानं ती महिनाभर रेडिओवरच्या वेळेच्या टोल्यांशी ताडून पाहिली होती. चार नंबरचं घड्याळ दहा मिनिटांत बारा सेकंद पुढं पळत होतं. तिनं लंबकाला तेच लावलं होतं. दहातली सहा घड्याळं कमी-जास्त चुकीची होती, आणि पानाच्या डोक्यावर मोठ्या, वाकड्या अक्षरांत तिनं लिहिलं होतं, 'दोष लंबकाचा नाही, आपल्या घड्याळांचा आहे.' खाली घड्याळाची चूक वजा करून उत्तर पुन्हा काढलं होतं. नऊशे एकोणऐंशी. अख्ख्या कॉलेजात तेवढं एक उत्तर खरोखर वरून खाली काढलेलं होतं.

आणि त्याच दहा घड्याळांपुढं प्रयोगशाळेच्या सामानाच्या डेड स्टॉक रजिस्टरात मी सलग सहा वर्षं 'सर्व चालू स्थितीत' असं लिहून सही केली होती. एकदाही न तपासता. चौदा ऑक्टोबरला खात्याचे साहेब ते रजिस्टर तपासायला येणार होते. माझं वरिष्ठ सहायक होणं त्या तपासणीपाशी अडलं होतं, चार वर्षं.

मास्तर घरी म्हणाले, "पर्युषणाआधी घर आवरलं, तेव्हा रद्दीत गेली असेल बघ." त्यांना वही परत नेली की नाही हे आठवत नव्हतं आणि आठवायची गरजही वाटत नव्हती. चांगली वही तयार होती.

अर्जावर कॉलेजचा शिक्का मारायला दोघं बापलेक प्रयोगशाळेत आले. शिक्का माझ्याकडं असायचा. शेवटच्या पानावर एक निवेदन होतं. ही वही मी स्वतः, प्रयोग करत असताना लिहिली आहे. खाली सहीची रेघ.

"कर सही," मास्तर म्हणाले.

"वही मी लिहिलेली नाही."

"वही तुझीच आहे, अक्षर फक्त माझं आहे. चेअरमनचं मानपत्र मी लिहितो, म्हणून सत्कार माझा होतो का?"

"पण चेअरमननी काम केलेलं नसतं तरी तुम्ही लिहिताच की अण्णा."

मला हसू आलं, ते मी खोकल्यावर ढकललं. मास्तरांचा चेहरा लाल झाला. "हे बघ, वीस जागा आहेत. देशभरातून पोरं. त्यांची वही लखलखीत येणार आणि आमची चहा सांडलेली? बाई, तुम्ही सांगा हिला."

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. तिथंच, त्या क्षणी, कपाट हाताच्या अंतरावर होतं.

"कर गं सही," मी म्हणाले. "उशीर होतोय."

तिनं सही केली. मास्तर लगेच खिडकीशी जाऊन पाकिटावर पत्ता घालायला बसले. बोरूची जाड-बारीक वळणं, त्यांना दहा मिनिटं लागणार. तेवढ्यात त्रिशलानं सहीच्या खाली इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या. माझ्या बाजूनं ती अक्षरं उलटी दिसत होती, तरी मी वाचली. अक्षर माझ्या वडिलांचं आहे. आकडे माझे नाहीत. माझी मूळ वही हरवली आहे.

तिनं मान वर केली. मी काही बोलते का ते बघत होती. मी शिक्का मारला.

संस्थेचं उत्तर नऊ ऑक्टोबरला कॉलेजच्या पत्त्यावर आलं. शिरगुप्पे सरांनी मास्तरांना, त्रिशलाला आणि मला केबिनमध्ये बोलावून वाचून दाखवलं. अर्जातले बाकीचे कागद समितीला फार आवडले होते. सोबतची वही मात्र विचारात घेता येत नव्हती. उमेदवारानं आपण होऊन खरं सांगितलं, म्हणून अपवाद करत होते. मूळ वही सापडली, तर तिच्या प्रत्येक पानावर विभागप्रमुखांची सही घेऊन ती मंगळवार, बावीस ऑक्टोबरच्या आत पोहोचती करावी. समिती त्या दिवशी बसेल.

"खरं सांगितलं म्हणजे?" मास्तरांनी विचारलं. "काय लिहिलंस तू खाली?"

त्रिशलानं सांगितलं. मला वाटलं आता कानाखाली वाजणार. मास्तर नुसते उभे राहिले. सर म्हणाले, "बसा, मगदूम." ते बसले नाहीत.

"म्हणजे त्यांना खरंच कच्ची हवी होती?" ते कुणाकडंही न बघता म्हणाले.

"पाचव्या अटीत लिहिलं होतं अण्णा."

"आहेर आणू नका म्हणाले, आणि खरंच नको होता?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रजा टाकली आणि रद्दीवाल्याच्या गोदामात जाऊन बसले. तीन दिवस. पोत्यांवर पोती उपसली. गावातल्या सगळ्या शाळांच्या वह्या तिथं होत्या. प्रत्येक वही उघडून बघायची आणि बाजूला ठेवायची. मी बाजारातून येताना पाहिलं. पांढरी विजार काळी झालेली, नाकाला रुमाल, आणि ज्या हातांनी सोनेरी अक्षरं काढायची ते हात कोपरापर्यंत धुळीनं माखलेले. मला बघून ते बाहेर आले.

"बाई, एकदा तुमच्याकडं बघता का हो? चुकून राहिली असली तर."

"बघते," मी म्हणाले.

माझा हिशोब तयार होता. चौदाला तपासणी. पंधराला दसरा. सोळाला वही माझ्या कपाटात 'सापडेल', सर सह्या करतील, स्पीड पोस्टानं एकोणीसला बंगळूर. मध्ये तीन दिवस शिल्लक. आधी दिली असती, तर सरांना पानापानावर सही करावी लागली असती. सर वाचत नसत, पण घड्याळांच्या पानावरचं ते वाकडं वाक्य आंधळ्यालाही दिसलं असतं. मग तपासणीला साहेबांपुढं सरांनी पहिल्या झटक्यात माझं नाव पुढं केलं असतं. सोळाला दिली की मास्तरांचं भागतं, पोरीचं भागतं, माझं भागतं. कुणाचंच काही जात नाही. मी आयुष्यात मांडलेला सगळ्यात चोख हिशोब तो होता.

चौदाला साहेब आले नाहीत. दसऱ्यामुळं दौरा पुढं गेला, सतराला येतील असा निरोप आला. सतराला गाडी नादुरुस्त झाली. मी दोनदा कपाट उघडलं, वही हातात घेतली आणि ठेवली. अजून एक दिवस. अजून वेळ आहे. पोरगी रोज प्रयोगशाळेच्या दारावरून जायची आणि आत बघायची. विचारायची नाही.

अठराला, शुक्रवारी अकरा वाजता साहेब आले. शिरगुप्पे सरांच्या केबिनमध्ये बसले. उप्पीट खाल्लं. रजिस्टर मी समोर धरलं.

"स्टॉपवॉच दहा?"

"दहा, साहेब."

"चालू?"

"चालू."

त्यांनी सही केली, हात पुसले आणि शिरोळच्या गाडीची चौकशी केली. प्रयोगशाळेचं दार त्यांनी उघडूनही बघितलं नाही. सही करताना त्यांनी पान तरी उलटलं का, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुपारी मी त्रिशलाला वर्गातून बोलावून घेतलं.

"सापडली बघ. कपाटामागं पडली होती."

तिनं वही दोन्ही हातांत घेतली. आधी चेहरा उजळला. मग तिनं वही उलटी केली, पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं आणि त्या बोटाकडं बघितलं. नंतर वाकून कपाटाच्या मागं, भिंतीच्या फटीत बघितलं. तिथं कित्येक वर्षांची धूळ आणि जाळी होती. वहीवर काही नव्हतं.

ती माझ्याकडं वळली. मोजमाप घेताना ती जशी बघायची, तशी बघितली.

"सरांची सही घ्यायची आहे," एवढंच म्हणाली आणि पळाली.

सर नव्हते. साहेबांना गाडीत बसवून ते तसेच सासुरवाडीला, निपाणीला गेले होते. शनिवारी दुपारी परतले. मास्तर त्यांच्या दारात बसूनच होते. सरांनी ओट्यावर उभ्या उभ्या बेचाळीस सह्या केल्या. घड्याळांच्या पानावरही केली. पेन जराही थांबलं नाही. मास्तरांनी तसंच पोस्ट गाठलं. खिडकी बंद होत होती, तरी ओळखीवर पाकीट घेतलं. या वेळी पत्ता त्यांनी साध्या बॉलपेननं, घाईघाईत घातला. अक्षर पोरीसारखं आलं होतं.

रविवार मध्ये आला. वही बुधवारी पोहोचली.

संस्थेचं पत्र दिवाळीच्या सुट्टीआधी दोन दिवस आलं. या वेळी सरांनी वाचून दाखवलं नाही, नुसतं मास्तरांच्या हातात दिलं. मास्तरांनी माझ्याकडून अर्थ लावून घेतला. वही तेवीस तारखेला सकाळी मिळाली. यादी बावीसला संध्याकाळी लागली होती, ती उघडता येत नाही. वही समितीतल्या चौघांनीही वाचली. घड्याळांची पानं त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी परवानगी मागितली होती. उमेदवारानं मे महिन्याच्या परीक्षेला जरूर बसावं, असा आग्रह होता.

"म्हणजे घेतलं असतं?" मास्तरांनी विचारलं.

"तसं लिहिलेलं नाही."

"बाई, तुम्हाला कळतं. घेतलं असतं का?"

"घेतलं असतं," मी म्हणाले.

मे महिन्यातली ती परीक्षा आणि इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा एकाच दिवशी आली. त्रिशलाला बंगळूरची द्यायची होती. मास्तर म्हणाले, एकदा पोळलं, आता जिथं जागा पुष्कळ आहेत तिथंच जायचं. त्यांनी इंजिनिअरिंगचा फॉर्म आणला. त्यातली प्रत्येक सूचना तीन-तीनदा वाचली आणि जशी आहे तशी पाळली.

तिनं ऐकलं. वही कुठं होती, हे तिनं बापाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला कळलं असतं. मास्तर अजूनही भेटले की 'तुमच्यामुळं वही सापडली तरी' म्हणून हात जोडतात.

आज बावीस वर्षांनी बेरीज केली तर ती अशी येते. शिरगुप्पे सर विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या सत्काराचं मानपत्र मगदूम मास्तरांनीच लिहिलं. हात थोडा थरथरला, पण लोकांनी वाखाणलं. मी त्याच डिसेंबरात वरिष्ठ सहायक झाले. पुढल्या वर्षी ती सहा घड्याळं मीच नादुरुस्त दाखवून मोडीत काढली. कुणी एका शब्दानं विचारलं नाही. पहिल्या वर्षीच दाखवली असती तरी विचारलं नसतं. त्रिशला पुण्यात एका कंपनीत आहे. हजेरी आणि रजेची सॉफ्टवेअर बनवते. चांगलं चाललंय, असं तिची आई सांगते. तिनं त्यानंतर कुठलाही प्रयोग केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

अट मोडली मास्तरांनी. सरांनी डोळे मिटून सह्या केल्या. वही दडवली मी. तिघांपैकी कुणालाही काही भरावं लागलं नाही. भरलं चौथीनं.